ट्रायल मुंबईत, पोट्टे आर्णीत : देशात रग्बी चालवणाऱ्या साहेब-मॅडमना खुलं पत्र

साहेब, मॅडम, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात एका खेड्यात राहतो. पाच एकर वावर आहे, पऱ्हाटी आणि तूर. बीपीएड झालंय, नोकरी नाही, आणि गेल्या सहा वर्षांपासून सकाळी साडेपाच ते साडेसात गावातल्या आणि बाजूच्या दोन गावांतल्या पोट्ट्यांना रग्बी शिकवतो, फुकट. सध्या ३१ जण येतात, त्यात १७ पोरी आहेत. हे पत्र तीन रात्रींपासून फोनवर टाइप करतोय, थोडं मागंपुढं झालं तर समजून घ्या.

लिहायचं कारण असं की मागच्या वर्षभरात दोनतीन ठिकाणी ऐकलं, की भारताची रग्बी टीम वर जायची असेल तर परदेशात राहणारे भारतीय वंशाचे खेळाडू आणावे लागतील, आपल्याकडे तसं टॅलेंटच नाही. मला हे वाक्य फार लागलं. रग्बीत जगभर हे चालतं ते मला माहीत आहे, आजी-आजोबा त्या देशात जन्मले असतील तर खेळता येतं, किंवा सलग पाच वर्षं तिथं राहिलं तर (आधी तीन होती, मग पाच केली). जपानच्या २०१९ च्या वर्ल्डकप टीममध्ये जवळपास अर्धे खेळाडू जपानबाहेर जन्मलेले होते आणि ती टीम क्वार्टर फायनलला गेली. पण जपानमध्ये शाळेशाळेत रग्बी आहे, दरवर्षी नव्या वर्षाच्या तोंडावर ओसाकाच्या हानाझोनो मैदानावर हायस्कूलच्या टीमांची मोठी स्पर्धा होते, ते आधीचं सगळं होतं म्हणून बाहेरून आलेला माणूस त्यात बसला. आणि आपल्याकडे तर २००८ पासून नियमच आहे की भारताचा पासपोर्ट असेल तोच भारताकडून खेळणार. मला तो नियम पटतो. म्हणजे आपल्याला घरचेच पोट्टे घडवायचेत, दुसरा रस्ताच नाही, मग तो एकच रस्ता तरी नीट बांधा ना.

टॅलेंट कुठंय विचारता तर एकदा पहाटे साडेचारला आमच्याकडच्या कोणत्याही डांबरी रोडवर उभे राहा. अंधारात पोट्टे पळताना दिसतील, दहा-बारा तरी, थंडीत तोंडाला रुमाल बांधून. पोलीस भरतीची तयारी. पोरांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळा, पोरींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळा. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत १६०० मारला तर पोराला २० पैकी २० मार्क. आता सेव्हन्सचा, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या रग्बीचा, सामना किती वेळाचा, सात-सात मिनिटांचे दोन हाफ. त्याच्यात काय लागतं, जोरात पळा, पडा, उठा, परत पळा, आणि दम संपला तरी डोकं चालू ठेवा. हे पोट्टे सगळं करतात, फक्त हातात बॉल नाही. भरतीत अर्ध्या मार्कानं राहतात, दोन वर्षं अजून पळतात, मग वय निघून जातं आणि कोणाच्या तरी कृषी केंद्रात पोते उचलतात. बिहारची स्वीटी कुमारी आधी धावायचीच ना, धावता धावता रग्बीत आली आणि २०१९ साली जगातली उत्तम तरुण खेळाडू म्हणून तिचं नाव झालं. आमच्या रोडवर अशा किती असतील मी सांगू शकत नाही कारण कोणी बघायलाच आलं नाही.

कबड्डीचं तर विचारूच नका. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची टीम १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली, त्यात कबड्डी होती, ही आमच्या मातीतली गोष्ट आहे आणि आजही नवरात्र-दिवाळीत गावोगावी कबड्डीचे सामने लागतात, लाइट लावून रात्रभर. त्यामुळं पोट्ट्याला अंगावर घ्यायची भीती नसते. पण इथं एक गोष्ट मी अनुभवानं शिकलो ती तुमच्या कोच लोकांनी ऐकावी असं वाटतं. कबड्डीवाला लगेच रग्बीवाला होत नाही. कबड्डीत पकडलं की सोडायचं नसतं, दम तुटेपर्यंत धरून ठेवायचं, आणि रग्बीत टॅकल करून खाली पाडला की लगेच सोडायचं आणि बाजूला व्हायचं, नाही तर पेनल्टी. आमचे पोट्टे पहिले सहा महिने सोडतच नव्हते. दुसरं म्हणजे डोकं. घोटा धरायला झेप घेताना कबड्डीवाला डोकं कुठंही घालतो, मॅटवर समोर उभा राहून वळणारा गडी असतो म्हणून चालून जातं, पण रग्बीत समोरचा सरळ तीस मीटर पळत येतोय, त्याच्या गुडघ्यासमोर डोकं गेलं तर मान गेली. डोकं बाजूला, गाल त्याच्या मांडीला चिकटलेला, खांदा आत, दोन्ही हात आवळून. हे एवढं शिकवायला मला एकेका पोरामागं चार-पाच महिने लागलेत, रोज, गुडघ्यावर बसून, मग चालत, मग हळू पळत. दोन दिवसांच्या शिबिरात हे होत नाही. शिबिराचं सर्टिफिकेट मिळतं, फोटो निघतो, आणि पोट्टा घरी येऊन जुन्याच पद्धतीनं झेप घेतो.

उलट पास शिकवणं सोपं गेलं. मागंच पास द्यायचा हे पहिल्या दिवशी कोणालाच पटत नाही, एकानं तर बॉल हातात घेऊन विचारलं होतं, "सर, हा असा लांबट काहून हाय, कोनं दाबला का?" पण वेचणीला जाणाऱ्या पोरींचे हात इतके चपळ असतात, बोंडातून कापूस काढून काढून बोटं तयार झालेली, त्या आठवडाभरात दोन्ही बाजूंनी पास द्यायला लागल्या.

आता मैदानाचं. आमची माती काळी, कापसाची. पावसाळ्यात त्यात पाय टाकला की चप्पल वर येत नाही आणि एप्रिलमध्ये त्याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वर दगडासारखी कडक. अशा मैदानावर मी कोणाला टॅकल मारायला सांगू? म्हणून आमचं वर्षाचं गणित वेगळं आहे. पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात फक्त पासिंग आणि नियम. दसऱ्यानंतर मैदान वाळतं, तेव्हा खरा खेळ. जानेवारीनंतर जमीन कडक व्हायला लागली की आम्ही वखरलेल्या वावरात जातो, ज्यांनी तूर काढून जमीन मोकळी केली त्यांना विचारून, आणि अरुणावतीच्या पात्रात जिथं थोडी रेती आहे तिथं टॅकल करतो. टॅकल बॅग विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून युरियाच्या पोत्यात सोयाबीनचं कुटार ठासून भरलं, अंगाला खाज सुटते पण पडल्यावर लागत नाही. ट्रायलाइनला, म्हणजे जिच्या पलीकडं बॉल टेकवला की गुण मिळतात त्या रेषेला, तुराट्या रोवतो. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, सकाळी सातनंतर मैदानावर राहायचंच नाही. हे मी रडायला सांगत नाहीये. हे सांगतोय कारण तुमचं ट्रेनिंगचं कॅलेंडर आमच्या मातीला धरून नसतं. ज्या महिन्यात तुम्ही शिबिर ठेवता त्या महिन्यात आमची जमीन खेळू देत नाही, आणि ज्या महिन्यात आमचे पोट्टे फॉर्मात असतात तेव्हा एकही स्पर्धा नसते.

ट्रायलची गोष्ट सांगतो. आमच्या एका पोरीला (नाव लिहीत नाही, नववीत होती) एका निवड चाचणीला बोलावलं होतं. निरोप चार दिवस आधी आला, व्हॉट्सॲपवर. मुंबईला जायचं. आर्णीवरून एसटीनं यवतमाळ, यवतमाळवरून एसटीनं धामणगाव, तिथून रात्रीची गाडी, जनरलचा डबा, कारण चार दिवसांत रिझर्वेशन कुठून मिळणार. सोबत तिची आई आणि मी. वेचणीचे दिवस होते, आईची तीन दिवसांची मजुरी बुडाली, शिवाय तिकिटं. रात्रभर दाराजवळ पेपर टाकून बसलो, सकाळी उतरून तसेच मैदानावर, पोरीनं आदल्या दुपारपासून भाकर आणि चटणी सोडून काही खाल्लं नव्हतं. चाळीस मीटरच्या स्प्रिंटमध्ये तिचा टाइम खराब आला. तीच पोरगी गावात अनवाणी पळून पोरांना मागं टाकते. तिथल्या माणसानं कागदावर नंबर लिहिला आणि नेक्स्ट म्हटलं. एवढंच. परत येताना तिची आई मला एका शब्दानं बोलली नाही, ते जास्त लागलं. त्यानंतर ती पोरगी दोन महिने खेळायला आली नाही, आली तेव्हा म्हणाली, "सर, मी इथंच खेळीन, तिकडं नाही जात."

त्या माणसाची चूक होती असं मी म्हणत नाही, त्याला दिवसात दोनशे पोरं बघायची होती. पण अशा पद्धतीनं तुम्हाला फक्त तीच पोरं सापडतील जी मैदानापासून दोन तासांवर राहतात आणि रात्री पोटभर जेवून झोपतात. मग तुम्ही म्हणणार विदर्भात टॅलेंट नाही.

ट्रायल अमरावतीला घ्या, यवतमाळला घ्या, गडचिरोलीला घ्या. दोन माणसं तिकडून इकडं आली तर दोन रिझर्वेशनची तिकिटं लागतात, आमचे चाळीस पोट्टे तिकडं गेले तर चाळीस घरांची मजुरी बुडते. आणि एका सकाळीत निवडू नका. तीन दिवस राहा, गावात जेवा, पोट्ट्यांना सामना खेळताना बघा. जो स्टॉपवॉचवर स्लो आहे तो कधीकधी बरोबर जागी आधीच पोहोचलेला असतो, ते घड्याळात दिसत नाही.

फिजीचं सगळेच सांगतात तरी मी पण सांगतो कारण मला त्यातून फार बळ मिळतं. त्या देशाची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास. आमच्या एकट्या यवतमाळ जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत २७ लाखांच्या वर होती. त्या फिजीनं २०१६ ला रिओत सेव्हन्सचं गोल्ड घेतलं, फायनलला ग्रेट ब्रिटनला ४३-७ हरवून, आणि ते त्यांच्या देशाचं कुठल्याही खेळातलं पहिलं ऑलिम्पिक मेडल होतं. टोकियोत परत गोल्ड. पॅरिसला सिल्व्हर. तिथं गावागावात संध्याकाळी पोरं खेळतात, बॉल नसला तर प्लॅस्टिकची बाटली घेऊन. म्हणजे खेळायची सवय गावात आहे, टीम त्यातून वर येते.

एवढं लांब कशाला, ओडिशा बघा. भुवनेश्वरच्या किस या संस्थेत आदिवासी पोरं राहतात, शिकतात, तिथंच जेवतात आणि तिथंच रग्बी खेळतात. त्यांच्या शाळकरी पोरांनी २००७ साली लंडनला जाऊन स्पर्धा जिंकली होती. आणि जून २०१९ मध्ये मनिलाला भारताच्या पोरींनी सिंगापूरला २१-१९ हरवलं, पंधराच्या रग्बीतला भारताच्या पोरींचा पहिलाच आंतरराष्ट्रीय विजय, त्यात शेवटाला निर्णायक पेनल्टी मारणारी सुमित्रा नायक ओडिशाची, याच किसमध्ये घडलेली. मी आमच्या पोरींना ही गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की आता मी सुरू केलं की त्याच स्कोअर बोलतात.

आता मला सांगा, महाराष्ट्रात आदिवासी विकास खात्याच्या जवळपास ५०० सरकारी आश्रमशाळा आहेत. आमच्या बाजूलाच पांढरकवडा आणि पुसद प्रकल्प, तिकडं मेळघाटात धारणी, खाली चिमूर, अहेरी, भामरागड. पोरं तिथंच राहतात, सकाळ-संध्याकाळ मोकळी असतात, कोणाला घरी जाऊन शेळ्या बघायच्या नसतात. कोरकू, कोलाम, गोंड, माडिया पोरं, डोंगर चढून उतरून पायात ताकद आलेली. २०१८ ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच पोरापोरींनी एव्हरेस्ट सर केला, मिशन शौर्यमधून. त्याच्या आधी त्यातल्या कोणी बर्फ पाहिला असेल? त्यांना कोणीतरी महिनोन्‌महिने नीट ट्रेनिंग दिलं, बूट दिले, जेवण दिलं, विश्वास ठेवला, आणि ते वर गेले. रग्बीला एव्हरेस्टपेक्षा कमीच सामान लागतं. दहा आश्रमशाळा घ्या, फक्त दहा, आणि तिथं पाच वर्षं हात काढू नका.

पण कोच तिथला पाहिजे. हे मी सगळ्यात कळकळीनं लिहितोय. बाहेरून येणारा कोच कितीही चांगला असला तरी तो दहा दिवसांनी जातो. माझ्यासारखे बीपीएड झालेले बेकार पोट्टे प्रत्येक तालुक्यात दहा-वीस सापडतील, कोणी भाजीचं दुकान टाकलंय, कोणी ऑटो चालवतोय. त्यांना महिन्याला ठरलेलं मानधन द्या, तीन महिन्यांनी बिल पास होणारं नाही, महिन्याच्या महिन्याला येणारं. वर्षातून दोनदा त्यांना नीट शिकवा आणि मराठीत शिकवा. माझ्या हातात आजपर्यंत जे ट्रेनिंगचं साहित्य आलं ते सगळं इंग्रजीत होतं, रात्री डिक्शनरी घेऊन बसायचो, रक (बॉल जमिनीवर, त्याच्यावर दोन्हीकडचे खेळाडू ढकलतात) आणि मॉल (बॉल हातात असलेला गडी उभाच, त्याला धरून ढकलतात) यातला फरक मला चित्रं बघून कळला. टॅकलची सेफ्टी तर मराठीतच पाहिजे, त्यात एक शब्द चुकीचा समजला तर पोराची मान आहे.

आणि क्रिकेटचं उदाहरण घरातच आहे ना. उमेश यादव वलनीचा, कोळसा खाणीत काम करणाऱ्या माणसाचा पोरगा, टेनिस बॉलवर खेळत खेळत भारताकडून फास्ट बॉलिंग टाकायला गेला. विदर्भाला आधी रणजीत कोणी मोजत नव्हतं, मग २०१७-१८ ला जिंकलो, पुढच्या वर्षी परत, आणि २०२४-२५ ला अजून एकदा. ते काय एका रात्रीत झालं? ॲकॅडमी झाली, पोरं वर्षभर सामने खेळायला लागली, बाहेरचे एकदोन अनुभवी खेळाडू आले पण बाकी टीम इथलीच होती. रग्बीला पण तेच लागेल. आमचा पोट्टा वर्षाला सामने किती खेळतो, तीन. चार झाले तर डोक्यावरून पाणी. शालेय स्पर्धेच्या यादीत रग्बी आहे ही चांगली गोष्ट आहे, पण जिल्ह्यात दोनतीन टीम येतात, एक सामना, जिंकलो तर पुढं, हरलो तर घरी, वर्ष संपलं. तीन सामन्यांत कोण शिकणार? दिवाळीनंतर होळीपर्यंत दर रविवारी दोन तालुक्यांच्या टीम भेटू द्या, ट्रॉफी नको, मंडप नको, पाहुण्यांचं भाषण तर नकोच, एक गाडी आणि दुपारी खिचडी एवढं द्या. लहान पोरांना टॅकल नसलेलं टच रग्बी खेळवा. मुंबईत जून २०२५ ला सहा टीमची रग्बी प्रीमियर लीग झाली, परदेशातले मोठे खेळाडू आपल्या पोरांसोबत खेळले, मला आनंदच झाला, आम्ही फोनला गर्दी करून क्लिप बघितल्या. पण त्या टीमांना दहा वर्षांनी खेळाडू लागतील ते कुठून येणार?

आईबापाचं बोलतो, कारण तुमच्या मीटिंगमध्ये त्यांच्याबद्दल कोणी बोलत नसेल. एका पोरीचे वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, तिचा हात-पाय मोडला तं उद्या तिले कोन इचारीन? अन् दवाखान्याचा पैसा कोन देईन?" पहिल्या प्रश्नावर मी त्यांच्याशी भांडलो, दुसऱ्यावर मला उत्तर देता आलं नाही. आमच्याकडे एका पोराच्या डोक्याला मार लागला होता, दोन मिनिटं त्याला आपण कुठं आहे ते सांगता येत नव्हतं. मी त्याला लगेच बाहेर काढलं, मोटरसायकलवर मधात बसवून यवतमाळला नेलं, तपासणी केली, देवाच्या कृपेनं काही निघालं नाही, तीन आठवडे त्याला खेळू दिलं नाही. ते पैसे मी कापूस विकून भरले. दुसऱ्या कोचला भरता आले नसते तर त्यानं काय केलं असतं? थोडं पाणी मारून परत उतरवलं असतं. म्हणून नाव नोंदवलेल्या प्रत्येक पोराचा विमा काढा, शिबिरातल्याच नाही, गावात सराव करणाऱ्याचा पण. आणि डोक्याचा मार कसा ओळखायचा, त्याचं एक मोठं पोस्टर मराठीत छापून प्रत्येक शाळेत लावा, एवढं तर उद्यापासून होईल.

नोकरीचं पण स्पष्ट लिहा. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण आमच्या पोट्ट्याला हे कोणी सांगत नाही की रग्बीच्या कोणत्या स्पर्धेतला कोणता नंबर त्यात धरतात, सर्टिफिकेट कोणाकडून तपासून घ्यायचं. तालुक्याच्या ठिकाणी बोर्डावर मराठीत लावा. बापाला ते वाचून दाखवता आलं तर तो पोरीला वेचणीऐवजी सरावाला पाठवेल, माझ्या शंभर भाषणांनी पाठवणार नाही.

अजून एक विनंती, जरा अवघड आहे. चांगला पोट्टा दिसला की तेराव्या वर्षी उचलून लांब नेऊ नका. त्याला न्यायची घाई असते सगळ्यांना. तो तिकडं एकटा पडतो, भाषा वेगळी, जेवण वेगळं, अर्धे परत येतात आणि परत आलेला पोट्टा गावात खेळायला लाजतो. सोळापर्यंत इथं राहू द्या, इथल्या टीमला त्याची गरज आहे, त्याला बघून दहा जण येतात. अकोल्यात क्रीडा प्रबोधिनीतून बॉक्सर घडतात तसं रग्बीचं एक केंद्र विदर्भातच करा, म्हणजे पोळ्याला त्याला घरी येता येईल.

२०३६ चं ऑलिम्पिक भारतात आणायचं म्हणतात. तेव्हा जी पोरगी २२-२३ वर्षांची असेल ती आज सहावी-सातवीत आहे. माझ्याकडे सहावी-सातवीच्या नऊ पोरी आहेत. त्यातली एक डाव्या हातानं असा पास देते की मोठ्या पोरांना पकडता येत नाही, आणि एक आहे ती पडली की बॉल घेऊनच उठते, बोलत अजिबात नाही. मी त्यांना अजून चार वर्षं सांभाळू शकतो, माझ्या कुवतीत आहे तोवर शिकवू शकतो. त्याच्या पुढचं मला येत नाही, त्याच्यासाठी तुम्ही लागता.

तर या. पावसाळ्यात येऊ नका, मैदानात पाय टाकता येत नाही. दिवाळी झाली की या, सोमवार सोडून रोज सकाळी साडेपाचला आम्ही शाळेच्या मागं असतो, राहायची सोय माझ्या घरी होईल. आणि येताना जमलं तर चार नंबरचे बॉल आणा, माझ्याकडे दोनच बॉल आहेत आणि दोन्ही पाच नंबरचे, लहान पोरींच्या हातात ते मावत नाहीत.